प्रवेश आहे, पोटाचं काय? २०१५ नंतरची जर्मन विद्यापीठं आणि निर्वासित विद्यार्थी

निर्वासितांच्या उच्चशिक्षणाचा विषय निघाला की पहिली चौकशी कागदपत्रांची होते. घरच बेचिराख झालं, मार्कशीट आणणार कुठून? दुसरी चौकशी फीची. जर्मनीने २०१५-१६ मध्ये या दोन्ही प्रश्नांची उत्तरं बऱ्यापैकी झटपट दिली आणि तरीही बरेच जण उंबरठ्याबाहेरच राहिले. त्यांना अडवलं ते विद्यापीठांनी नाही, सरकारच्याच दोन कायद्यांमधल्या फटीने. ती फट बुजवायला २०१९ चा सप्टेंबर उजाडावा लागला. म्हणून हे प्रकरण जरा खोलात जाऊन पाहण्यासारखं आहे.

२०१५ साली आश्रय मागायला जर्मनीत पोचलेल्यांचा सरकारी आकडा पुढे दुरुस्त होऊन सुमारे ८ लाख ९० हजारांवर स्थिरावला. नोंदणीच्या रांगा इतक्या लांबल्या की त्यातल्या कित्येकांचा रीतसर अर्ज २०१६ मध्ये दाखल झाला. त्या वर्षी पहिल्यांदा केलेले आश्रयअर्ज होते ७ लाख २२ हजार, त्यातले २ लाख ६६ हजार सीरियन लोकांचे. सीरिया म्हणजे शिक्षणाची ओळख नसलेला देश नव्हे. दमास्कस विद्यापीठ १९२३ पासूनचं, अलेप्पोचं १९५८ चं. अलेप्पो विद्यापीठात १५ जानेवारी २०१३ ला ऐन परीक्षेच्या दिवशी स्फोट झाले आणि ८० हून अधिक माणसं गेली. पदवी अर्धवट टाकून निघालेली मुलं त्या गर्दीत होती ती अशी.

सोयीसाठी दोन माणसं डोळ्यासमोर धरू. ती मी रचलेली आहेत, त्यांच्या वाटेत येणारे कायदे, तारखा आणि रकमा मात्र खऱ्या. एक अलेप्पोची मुलगी, वय २१, सिव्हिल इंजिनिअरिंगची दोन वर्षं झालेली. दुसरा अफगाणिस्तानातल्या हेरातचा मुलगा, वय १९, बारावी झालेला. दोघेही २०१५ च्या शरद ऋतूत पोचले. दोघांची सोय एकाच शहरात, शाळेच्या व्यायामशाळेत कापडी पडदे टांगून केलेल्या 'खोल्यां'मध्ये झाली. कोणी कुठल्या राज्यात राहायचं हे तिथे 'क्योनिगश्टाइन सूत्र' नावाच्या हिशेबाने ठरतं: राज्याचं कर-उत्पन्न दोन तृतीयांश, लोकसंख्या एक तृतीयांश. तुमचा विषय कुठल्या विद्यापीठात शिकवतात याला त्या सूत्रात जागा नाही.

कागदाचा प्रश्न

जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय. सोळा राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ३ डिसेंबर २०१५ ला ठराव केला: पळून यावं लागल्यामुळे ज्यांच्याकडे दाखले नाहीत, त्यांना तीन टप्प्यांत तपासा. आधी ती व्यक्ती खरोखर निर्वासित गटात मोडते का ते पाहा. मग तिचा शैक्षणिक प्रवास तिच्याच सांगण्यावरून आणि हाताशी असलेल्या तुटपुंज्या पुराव्यांवरून पुन्हा उभा करा: शाळा कुठली, विषय कोणते, परीक्षा कधी. शेवटी परीक्षा घेऊन खात्री करा. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या जिनिव्हा करारातलं २२ वं कलम आणि पदव्यांच्या मान्यतेविषयीचा १९९७ चा लिस्बन करार हे तत्त्व आधीपासून सांगतच होते, ठरावाने त्याला कार्यपद्धती दिली.

अर्जांच्या छाननीचं काम बर्लिनची 'युनि-असिस्ट' संस्था करते. पुण्या-नाशिकहून एमएससाठी गेलेल्यांना हे नाव चांगलं माहीत असेल. एरवी पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो मोजावे लागतात. निर्वासितांना यात सूट मिळाली. 'टेस्टआस' ही कलचाचणीही त्यांच्यासाठी विनामूल्य झाली. शिकवणी-शुल्काचा तर प्रश्नच नव्हता, कारण सरकारी विद्यापीठांतून ते २०१४ पर्यंत जवळपास सगळीकडून हद्दपार झालं होतं. २०१७ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गने युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांवर सत्राला १५०० युरो लावले तेव्हाही निर्वासितांना वगळलं.

या सगळ्या तयारीत एक गंमत झाली. ज्या अडचणीवर सर्वांत जास्त डोकं लावलं गेलं, ती अपेक्षेइतकी मोठी निघालीच नाही. अलेप्पोच्या मुलीसारख्या बहुतेकांकडे काही ना काही होतं: मोबाइलमध्ये काढून ठेवलेला बारावीच्या दाखल्याचा फोटो, किंवा मागे राहिलेल्या काकाने तुर्कस्तानमार्गे पाठवलेली मूळ प्रत. शपथेवरच्या भाषांतरकाराकडून त्याचं जर्मन करून घेतलं की काम भागे. तीन टप्प्यांची ती तपासणी वापरायची वेळ त्यामानाने थोड्यांवर आली.

भाषेची तीन वर्षं

आपल्याकडून जर्मनीला जाणारा विद्यार्थी बहुधा पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जातो, आणि तो इंग्रजीतून असतो. त्यामुळे जर्मनशिवायही निभावतं. पदवीचं शिक्षण मात्र जवळपास सगळं जर्मनमधून चालतं आणि त्याला भाषाज्ञानाच्या युरोपीय मोजपट्टीवरची सी-१ पातळी लागते. सरकारी 'एकात्मता वर्ग' ६०० तासांचा, आणि तो पोचवतो बी-१ पर्यंत. बी-१ म्हणजे डॉक्टरला दुखणं सांगता येणं, भाडेकरार कळणं. सी-१ म्हणजे पदार्थबलशास्त्राचं दीड तासाचं व्याख्यान ऐकून टिपणं काढणं. बी-१ च्या पुढच्या दोन पायऱ्यांचा, म्हणजे बी-२ आणि सी-१ चा खर्च कोणी करायचा, हे सुरुवातीला कोणाच्याच खात्यात बसत नव्हतं.

इथे केंद्र सरकारने हात सैल सोडला, ते नाकारून चालणार नाही. शिक्षणमंत्री योहाना वांका यांच्या खात्याने २०१५ च्या नोव्हेंबरात 'डाड' या जर्मन शैक्षणिक आदानप्रदान संस्थेमार्फत चार वर्षांसाठी सुमारे १० कोटी युरोंची योजना जाहीर केली. तिचा मोठा भाग 'इंटेग्रा' या नावाने विद्यापीठांना आणि 'स्टुडियनकोलेग'ना मिळाला. स्टुडियनकोलेग म्हणजे परदेशी दाखला थेट प्रवेशाला पुरत नसेल तर करायचं वर्षभराचं तयारी-शिक्षण. तांत्रिक शाखांचा टी-वर्ग, वैद्यकीयचा एम, अर्थशास्त्राचा डब्ल्यू, आणि शेवटी एक पात्रता-परीक्षा. 'इंटेग्रा'च्या पैशातून सी-१ चे वर्ग निघाले, वर्गांना शिक्षक मिळाले, विद्यार्थी-स्वयंसेवकांना मानधन मिळालं.

याच काळात दोन गोष्टींचा वर्तमानपत्रांतून फार गाजावाजा झाला. एक, विद्यापीठांनी निर्वासितांना 'श्रोता' म्हणून वर्गात बसू दिलं. दुसरी, बर्लिनमध्ये २०१५ साली निघालेली 'किरॉन' ही संस्था: दाखल्याशिवाय नाव नोंदवा, इंटरनेटवरचे मोफत अभ्यासक्रम करा, मग ते श्रेयांक घेऊन भागीदार विद्यापीठात जा. कल्पना देखणी होती. पण श्रोत्याच्या बसण्याला पदवीत मोल नव्हतं, आणि किरॉनमधून प्रत्यक्ष विद्यापीठात जाणाऱ्यांनाही शेवटी त्याच सी-१ च्या आणि प्रवेशपात्रतेच्या दारातून जावं लागे. छावणीत दिवस खायला उठलेला असताना अभ्यासाची सवय टिकली, हा त्याचा खरा उपयोग. कमी नव्हे, पण जाहिरातीत सांगितला तो नव्हे.

अलेप्पोच्या मुलीचं वेळापत्रक मांडलं तर असं दिसतं. २०१५ च्या ऑक्टोबरअखेर एकात्मता वर्ग अर्ज प्रलंबित असलेल्या आश्रयार्थींनाही खुले झाले, पण ज्यांना आश्रय मिळण्याची 'चांगली शक्यता' आहे अशा देशांच्याच. सीरिया त्यात होता. २०१६ अखेर तिचं बी-१ झालं आणि आश्रयअर्जाचा निकालही आला. २०१७ मध्ये बी-२. २०१८ च्या वसंतात सी-१. १५ जुलैच्या आत अर्ज, ऑक्टोबर २०१८ ला पहिलं सत्र. म्हणजे काही न चुकता, न आजारी पडता, तीन वर्षं. तेव्हा ती २४ वर्षांची.

या तीन वर्षांत तिला सोडून द्यायची कारणं दर महिन्याला भेटत होती. आश्रय मंजूर झाल्यावर तिचा निर्वाह 'जॉबसेंटर'कडे गेला. तिथल्या अधिकाऱ्याचं काम माणसाला लवकरात लवकर कामाला लावणं. तो म्हणणार, बी-१ झालंय, वृद्धसेवेचं प्रशिक्षण घ्या, पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन मिळेल. घरून फोन येणार, सीमापार पोचवणाऱ्या दलालाचे पैसे फेडायचेत. दोघांचंही चूक म्हणता येत नाही. जी टिकली ती हुशार होती म्हणून टिकली असं आपण सहज म्हणतो. माझ्या मते शहरात चांगला सी-१ चा वर्ग होता की नव्हता आणि समोरचा अधिकारी कोण निघाला, यावर जास्त अवलंबून होतं.

बाफ्योग, आणि फॉर्म क्रमांक ३

विद्यापीठात नाव नोंदलं की जॉबसेंटरचा भत्ता बंद होतो. त्याची जागा घेतं 'बाफ्योग', जर्मनीचं १९७१ पासूनचं विद्यार्थी-अर्थसाहाय्य. अर्धं अनुदान, अर्धं बिनव्याजी कर्ज, आणि परत करायची कमाल रक्कम १० हजार युरो. २०१६ च्या वाढीनंतर महिन्याला जास्तीत जास्त ७३५ युरो मिळत. आश्रय मंजूर झालेल्याला ते जर्मन विद्यार्थ्यासारखंच, पहिल्या दिवसापासून. 'डुल्डुंग', म्हणजे हकालपट्टी तूर्त स्थगित असलेल्यांना आधी चार वर्षं थांबावं लागे. १ जानेवारी २०१६ पासून ती मुदत १५ महिन्यांवर आली. हा मोठा बदल होता.

बाफ्योग पालकांच्या उत्पन्नावर ठरतं. त्यासाठी 'फॉर्म क्रमांक ३' आई-वडिलांनी भरून सही करायची, आणि उत्पन्न सांगायचं ते चालू वर्षाचं नाही, त्याच्या आधीच्याच्याही आधीच्या वर्षाचं. जर्मन करखात्याचे निकाल उशिरा लागतात म्हणून केलेला हा शहाणपणाचा नियम. आता तोच फॉर्म अलेप्पोतल्या बापापुढे ठेवा. दोन वर्षांपूर्वी त्याचं दुकान होतं, आता तिथे ढिगारा आहे. सीरियन पौंडाचा भाव तेव्हा एक, आज भलताच. करखात्याचा कागद नाही, टपाल चालू नाही. विद्यार्थी-सल्लागारांचे तासन् तास या एका फॉर्मवर गेले. शेवटी बहुतेकांचं काम व्हायचं, पण तोवर दोन-तीन महिने निघून जात आणि भत्ता तर सत्र सुरू होताच थांबलेला असे. ज्याच्या गाठीला काही नाही त्याच्या बाबतीत दोन महिन्यांचा उशीर ही किरकोळ बाब नसते.

हेरातच्या मुलाचं काय झालं

प्रकरणाचा गाभा इथे आहे.

'चांगली शक्यता' असलेल्या देशांच्या यादीत अफगाणिस्तान नव्हता. त्यामुळे याला एकात्मता वर्ग नाही. तो निवृत्त शिक्षिकांच्या स्वयंसेवी वर्गात, वाचनालयात, मग 'इंटेग्रा'च्या वर्गात जर्मन शिकला. आश्रयअर्जांचा निकाल देणाऱ्या 'बाम्फ' कार्यालयाला २०१६ मध्ये एका प्रकरणाला सरासरी ७.१ महिने लागत होते, २०१७ मध्ये १०.७. अफगाणांच्या बाबतीत बहुधा आधी नकार, मग कोर्ट, आणि कोर्टात वर्षं. तोवर हातात काय, तर 'गेश्टाटुंग', म्हणजे अर्जाचा निकाल लागेपर्यंत राहायची मुभा. काही ठिकाणच्या परदेशी नागरिक कार्यालयांनी त्या कागदावर 'शिक्षणास परवानगी नाही' असा शेरा मारला, तोही विद्यापीठाला अशी कुठलीच अट नसताना. याचं शहर त्यातलं नव्हतं. २०१८ च्या सुरुवातीला त्याला स्टुडियनकोलेगच्या टी-वर्गात जागा मिळाली.

आश्रयार्थींच्या निर्वाहाचा कायदा वेगळा आहे. पहिले १५ महिने त्याखाली किमान भत्ता मिळे. या काळात शिकायला बंदी नव्हती. नाव नोंदवलं तरी भत्ता चालूच. १५ महिन्यांनंतर भत्ता वाढे आणि तो सर्वसाधारण समाजसाहाय्य कायद्याच्या धर्तीवर दिला जाई. वरवर पाहता ही बढतीच. पण समाजसाहाय्याच्या कायद्यात २२ वं कलम आहे: ज्याचं शिक्षण बाफ्योगच्या कक्षेत बसतं, त्याला निर्वाहभत्ता नाही. तर्क साधा, की विद्यार्थ्याची सोय बाफ्योगने करावी, दोन खिशांतून कशाला? आणि बाफ्योगचा कायदा म्हणतो, गेश्टाटुंगवाल्याला आम्ही देत नाही. आधी स्वतः पाच वर्षं जर्मनीत नोकरी केली असेल, किंवा आई-बापांपैकी कोणी तीन वर्षं, तर गोष्ट वेगळी.

आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

आणि काळाचा हिशेब बघा. ज्या पंधरा महिन्यांत शिकलं तरी भत्ता मिळत होता, तेवढ्यात शून्यातून विद्यापीठाजोगं जर्मन कोणाला येत नाही. जेव्हा येतं, तेव्हा कलम २२ लागू झालेलं असतं. कोणी मुद्दाम असा सापळा रचला नव्हता. मूळ कायदा १९९३ चा, आश्रयार्थी विद्यापीठात जाईल हे ध्यानीमनी नसतानाचा.

स्टुडियनकोलेगचं पत्र दाखवल्यावर समाजकल्याण कार्यालयातून त्याला भत्ता बंद झाल्याचं पत्र आलं. त्या भत्त्यातच निवासाचा खर्च धरलेला. सल्लागाराने दोन मार्ग सांगितले: महिना ४५० युरोंपर्यंतची छोटी नोकरी धरून आठवड्याला तीसेक तासिका निभावून न्यायच्या, नाहीतर जागा सोडायची. जागा सोडली की भत्ता पुन्हा सुरू. काहीही न करता बसून राहिलं तर सरकार पोसणार, शिकायला गेलं तर नाही. याच फटीत व्यवसाय-प्रशिक्षणाला गेलेले आश्रयार्थीही सापडले होते. गवंडीकामाला, बेकरीला माणसं मिळत नाहीत म्हणून ओरडणाऱ्या लघुउद्योजकांनी आवाज उठवला तेव्हा राजकारण्यांच्या कानावर गेलं. विद्यार्थ्यांच्या ओरडण्याने एवढं झालं असतं का, याबद्दल मला शंका आहे.

काही राज्यांनी मधल्या काळात फतवे काढून 'विशेष हलाखी'च्या तरतुदीखाली भत्ता चालू ठेवला. म्हणजे नदीच्या या तीरावरच्या राज्यात शिकता येई, पलीकडच्यात नाही, आणि तीर निवडायची मुभा नव्हती, कारण वाटप त्या क्योनिगश्टाइन सूत्राने झालेलं. केंद्राची दुरुस्ती लागू झाली १ सप्टेंबर २०१९ ला. तिने गेश्टाटुंगवाल्यांपुरतं कलम २२ बाजूला ठेवलं, तरी विद्यापीठात शिकणाऱ्यांना पैसे अनुदान म्हणून द्यायचे की कर्ज म्हणून, हे कार्यालयावर सोडलं. आपला हेरातचा मुलगा तोवर गोदामात रात्रपाळी करत होता असं धरायला हरकत नाही. त्याच्यासारखे होते.

तीन महिन्यांत झालेली गोष्ट

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. ४ मार्चला युरोपीय संघाने २००१ पासून पडून असलेला 'तात्पुरत्या संरक्षणा'चा निर्देश पहिल्यांदा अमलात आणला. आश्रयअर्ज नाही, सुनावणी नाही, गेश्टाटुंग नाही. थेट राहण्याचा परवाना. १ जूनपासून या परवान्यावर बाफ्योग मिळू लागलं. शिकताना पोटाची जी सोय व्हायला अफगाण मुलाला चार वर्षं वाट बघावी लागली असती, ती युक्रेनी मुलीची तीन महिने आणि काही दिवसांत झाली. 'इंटेग्रा'च्या काळात उभे राहिलेले भाषावर्ग आणि निर्वासित-सल्लागार तिच्या कामी आले, हेही खरं.

आपल्याशी याचा एक धागा आहे. युक्रेनमध्ये वैद्यकीय शिकणारी हजारो भारतीय मुलं होती, त्यात महाराष्ट्रातलीही बरीच. युद्ध त्यांनीही तळघरांत बसून ऐकलं होतं. पण संरक्षण मिळालं ते युक्रेनच्या नागरिकांना आणि तिथे कायम वास्तव्य असलेल्यांपैकी मायदेशी सुरक्षित परतू न शकणाऱ्यांना. विद्यार्थी-परवान्यावरचे परदेशी, ज्यांचा मायदेश सुरक्षित आहे, ते त्यात धरले गेले नाहीत. आपली मुलं 'ऑपरेशन गंगा'तून घरी आली. त्यातलं कोणी पुढे जर्मनीत शिकायला गेलंच, तर नेहमीच्या रांगेतून: व्हिसा आणि बँकेत अडकवून ठेवायचे पैसे. ही रक्कम आज वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिना ९९२. बाफ्योगची आजची कमाल मर्यादाही नेमकी तेवढीच. विद्यार्थ्याला जगायला काय लागतं याचा सरकारी अंदाज एकच आहे. एका रांगेत तो तुम्ही सिद्ध करायचा, दुसरीत सरकार देतं, आणि गेश्टाटुंगवाल्यांची तिसरी रांग बराच काळ दोन्हींत बसत नव्हती.

पुढचे बदल उलटसुलट आहेत. किमान भत्त्याचे १५ महिने २०१९ मध्येच १८ झाले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ३६. सरकारचा हेतू आश्रयार्थींना जर्मनीचं आकर्षण कमी वाटावं हा होता. बाफ्योगच्या वयाची अट मात्र २०२२ मध्ये ३० वरून ४५ वर गेली. उशिरा शिकायला लागणाऱ्या निर्वासितांना तिचा चांगलाच फायदा आहे. मग ८ डिसेंबर २०२४ ला सीरियातली असद राजवट कोसळली आणि दुसऱ्याच दिवशी बाम्फने सीरियन अर्जांवरचे निर्णय थांबवले. ज्या देशाची मुलं २०१५ मध्ये 'चांगली शक्यता' म्हणून वेगळी काढली होती, त्याच देशाचे नवे अर्जदार त्या दिवसापासून गेश्टाटुंग हातात घेऊन थांबले. निकाल लागेपर्यंत त्यांच्यातल्या शिकू इच्छिणाऱ्यांना बाफ्योग नाही; २०१९ ची दुरुस्ती आहे, आणि ती कशी वापरायची हे त्यांच्या-त्यांच्या समाजकल्याण कार्यालयाने ठरवायचं आहे.